डावी कूस, उजवी कूस

भाचा धनपाल रत्नागिरीला जेटीवर बर्फ फोडतो.
मंडईला घरी आला तेव्हा खिशात एक कवडी होती,
लिंबाएवढी, जड,
इतकी गुळगुळीत की हातातून सटकून
तणसाच्या ढिगात गेली
आणि आम्ही पाच जणांनी मिळून शोधली.

"याले वाघ-कवडी म्हणतेत तिकडे."

गिरजा काकीनं ती उलटी केली, सुलटी केली.
"ठिपके हायेत रे बाबू. वाघाले पट्टे असते.
हे तं बिबट्याचं पोर."

काकीला माहीत असलेली कवडी बारीक, पिवळट,
पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधायची.
वाघही तिला माहीत.
तिच्या डाव्या खांद्यावर चार ओरखडे आहेत.
तिनं तो विषय कधी वाढवला नाही.

मी वनखात्यात रोजंदारीवर.
झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलतो, कार्डं काढतो.
साहेबांनी शिकवलं,
वाघाची डावी कूस वेगळी, उजवी वेगळी.
एका बाजूनं ओळखलेला वाघ
दुसऱ्या बाजूनं परका.
म्हणून वाटेला कॅमेरे समोरासमोर.

त्या रात्री बल्बखाली धरून
कवडीची डावी कूस पाहिली,
मग उजवी.
ठिपके जुळेनात.
इकडे दाट, एकमेकांत सांडलेले,
तिकडे कुणी मोजून मोहरी टाकावी तसे.

धनपाल सांगत होता:
जिवंत असते तेव्हा ती अंगातलं मांस बाहेर काढते
आणि स्वतःच्याच घरावर पांघरते,
म्हणून घर असं चकाकतं.
जिभेला काटे असतात तिच्या.
खडकावरचं शेवाळ खरवडून खाते.

"वाघाच्याबी असतेत," काकी म्हणाली
आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

मग कुणीच बोललं नाही.
बोडीच्या पाळीवर टिटवी ओरडत राहिली.

मी मनात मांडत बसलो.
एकीचं घर तिच्या पाठीवर.
दुसरीचं, नाल्यापासून रेल्वेच्या रुळापर्यंत,
आणि मध्ये आमची सात गावं,
सातही गावं म्हणतात, घर आमचं.
एकीला कुणी बोट लावलं की ती आत शिरते.
दुसरी कुठे शिरेल?
आमच्या उभ्या धानात.
कापणीच्या दिवसांत आम्ही डबे वाजवत बांधावर जातो,
ती उठून दुसऱ्या बांधात जाते,
तिथले लोक डबे वाजवतात.

पहाटे काकी एकटीच गेली.
वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावला,
उरलेलं बोट कवडीला पुसलं,
ती दगडापाशी ठेवली.
"तुह्या नावाची हाये. लांबून आली. वळख ठेव."
धनपालनं मागितली नाही परत.
त्याला आठला एसटी धरायची होती.

चौथ्या दिवशी कार्ड काढलं.

तीन वाजून बेचाळीस मिनिटं.
तोंड नाही. नुसती डावी कूस,
पट्टे, पोटाची ढिली कातडी,
आणि खाली कोपऱ्यात
शेंदराचा डाग लागलेली कवडी.
तिचीही डावीच.

अकरा सेकंदांनी दुसरा फोटो:
नाक कवडीला टेकलेलं.
डोळे मिटलेले, की उजेडानं तसे दिसताहेत,
सांगता येत नाही.

तिसऱ्यात वाट रिकामी.
कवडी पालथी होऊन पडलेली,
दातांची फट आभाळाकडे.

समुद्र न पाहिलेली एक,
जंगल न पाहिलेली एक.
हुंगून काय कळलं असेल?
मीठ कळलं असेल.
मीठ तिला माहीत आहे.
काकीच्या खांद्यावर घाम होता त्या दिवशी.

ऑफिसात रजिस्टर उघडलं.
'प्राणी' या रकान्यात लिहिलं, वाघीण, एक.
'इतर' पाशी पेन थांबलं.
समोरच्या कॅमेऱ्याची बॅटरी
मीच बदलायची विसरलो होतो.

मग लिहिलं,
कवडी, एक.
शेऱ्यात: दोघींची उजवी बाजू बाकी.